बिडीचं दुकान चालवलं, जगाला मनाची शांती शिकवली आणि शेवटी घशाच्या कॅन्सरनं गेले, गोष्ट निसर्गदत्त महाराजांची

परतूर असो नाहीतर परळ, टपरीवरचं एक वाक्य सगळीकडे सारखंच असतं. टेन्शन आलंय, एक मारून येतो. सोयाबीनचा भाव पडला, पोराचा निकाल लागला, साहेबानं झापलं, बँकेचा हप्ता थकला, कारण काहीही असो, उपाय ठरलेला. आणि कुणी टोकलंच तर उत्तरही ठरलेलं असतं. अरे, मोठमोठे साधुसंत चिलीम ओढायचे, त्यांचं काय बिघडलं?

तर आज अशाच एका माणसाची गोष्ट. हा माणूस बिडी ओढायचा, नुसता ओढायचा नाही तर विकायचा. त्याच्याकडे अमेरिका-युरोपातून लोक मनाची शांती शोधत यायचे आणि त्याच्या बोलण्याचं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं. हा माणूस अस्सल मराठी होता, मालवणच्या मातीतला, आणि आयुष्यभर बोलला तोही मराठीतच. लोक त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखतात. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी.

१७ एप्रिल १८९७ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. त्या दिवशी हनुमान जयंती होती, म्हणून नाव ठेवलं मारुती. वडील शिवरामपंत मुंबईत एका घरी गडी म्हणून काम करायचे. आईचं नाव पार्वतीबाई. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली होती आणि शहर रिकामं होत होतं, तो हा काळ. शिवरामपंतांनी गावची वाट धरली आणि मालवण तालुक्यातल्या कांदळगावात थोडीशी जमीन कसायला सुरुवात केली. मारुती तिथंच वाढला. शाळा जेमतेम. गुरं राखणं, शेतात राबणं, पडेल ते काम करणं हेच शिक्षण. घरी मात्र देवाधर्माचं वातावरण होतं. वडिलांचे एक मित्र होते, विष्णू हरिभाऊ गोरे. ते आणि वडील धर्मावर, जगण्यावर बोलत बसायचे आणि हा पोरगा कान देऊन ऐकायचा.

१९१५ साली वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, चार बहिणी. थोडीशी शेती एवढी तोंडं भरवू शकत नव्हती. कोकणातल्या लाखो पोरांनी केलं तेच मारुतीनंही केलं. थोरल्या भावापाठोपाठ मुंबई गाठली.

सुरुवातीला एका ऑफिसात कारकुनी केली. पण नोकरीत मन रमलं नाही. मग छोटं दुकान टाकलं. लहान मुलांचे कपडे, तंबाखू आणि बिड्या असा माल. धंदा चालला. एकाची दोन, दोनाची चार करत आठ दुकानं झाली. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न झालं, तीन मुली आणि एक मुलगा झाला. गावाहून रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

पण आठ दुकानं म्हणजे आठ ठिकाणचा हिशोब, आठ ठिकाणची उधारी. आज आपण ज्याला स्ट्रेस म्हणतो तो शब्द तेव्हा गिरगावात कुणाच्या तोंडी नव्हता, पण ती गोष्ट नक्की होती. वयाची तिशी ओलांडल्यावर या माणसाला आतून प्रश्न पडायला लागले. हे सगळं कशासाठी? मी नेमका कोण?

१९३३ मध्ये यशवंतराव बागकर नावाचे मित्र त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेले. हे नवनाथ संप्रदायाच्या इंचगिरी शाखेतले गुरू. त्यांचा जन्म १८८८ चा, गाव पाथरी. पाथरी म्हटलं की परतूर-सेलूकडच्या माणसाला परभणी जिल्ह्यातली पाथरी आठवणार, पण ही सोलापूर जिल्ह्यातली. परतूरशी नातं मात्र दुसऱ्या वाटेनं लागतंच. सिद्धरामेश्वर महाराजांच्या निरूपणाचा एक मोठा आधार होता दासबोध, आणि दासबोधकार समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ हे परतूरला लागून असलेल्या घनसावंगी तालुक्यातलं. म्हणजे खेतवाडीतल्या बिडी दुकानदाराच्या कानावर जे पडत होतं, त्याचं मूळ निघालं आपल्याच शिवारात. गुरूंची ही निरूपणं पुढे याच दुकानदारानं लिहून ठेवली आणि ती अध्यात्म ज्ञानाचा योगेश्वर या नावानं पुस्तकरूपात आली.

गुरूनं सांगितलेली साधना ऐकायला अगदी साधी होती. मी आहे ही जी जाणीव प्रत्येकाला असते, तिच्याकडेच लक्ष ठेवायचं. बाकी विचार येतील, जातील. त्यांच्यामागे धावायचं नाही. मारुतीनं गुरूचा शब्द प्रमाण मानला आणि जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तेच केलं. गिऱ्हाईक करायचं, हिशोब लिहायचा आणि उरलेल्या वेळात शांत बसायचं. सोबत ठरलेल्या वेळी भजन. गुरूंचा सहवास मिळाला अवघा अडीच-तीन वर्षांचा. ९ नोव्हेंबर १९३६ रोजी सिद्धरामेश्वर महाराज गेले.

त्यानंतर जे झालं ते आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण बर्नआऊट म्हणता येईल, पण ते शब्द त्यांना लावणं थोडं अन्यायाचं ठरेल. १९३७ मध्ये त्यांनी घर, बायको, मुलं, दुकानं सगळं सोडलं आणि भारतभर भटकायला निघाले. ओढ हिमालयाची होती. वाटेत एक गुरुबंधू भेटले. त्यांनी समजावलं की संसार टाकून मिळणाऱ्या शांतीपेक्षा संसारात राहून अलिप्तपणे काम करणं मोठं. हे पटलं. आठ महिन्यांनी, १९३८ मध्ये, ते मुंबईला परतले.

घरी येऊन बघतात तर धंदा बसलेला. आठातलं एकच दुकान उरलं होतं. बहुतेकांनी अशा वेळी डोक्याला हात लावला असता. यांनी ते एक दुकान उघडलं आणि पोटापुरतं मिळतंय म्हणून पुन्हा वाढवायच्या भानगडीत पडले नाहीत. या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर ते हेच, असं वाटतं. हिमालयात जाण्यापेक्षा सात दुकानं गेल्यावर आठवं शांतपणे उघडणं जास्त कठीण.

खरी परीक्षा पुढेच होती. १९४२ ते १९४८ या काळात आधी पत्नी सुमतीबाई गेल्या आणि नंतर एक मुलगी गेली. बाहेर चले जाव आंदोलन, महायुद्धाची टंचाई, १९४४ चा गोदीतला स्फोट, फाळणीच्या दंगली. मुंबईतल्या मध्यमवर्गीय माणसाच्या वाट्याला जे जे येऊ शकत होतं ते सगळं आलं. दुकान चालू राहिलं, भजन चालू राहिलं, बसणं चालू राहिलं. आणि बिडीही चालू राहिली.

१९५१ पासून त्यांनी शिष्य घ्यायला सुरुवात केली. आश्रम वगैरे काही नाही. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतलं राहतं घर आणि त्यातला पोटमाळा, एवढंच. माळ्यावर जायला अरुंद जिना. तिथं दाटीवाटीनं माणसं बसायची आणि महाराज मराठीतून बोलायचे. १९६६ मध्ये दुकानातून निवृत्ती घेतली, त्यानंतर दिवसातून दोनदा बैठक. आता कुणाला वाटेल, शांत, मंद हसणारे, हळू आवाजात बोलणारे बाबा असतील. तसं अजिबात नव्हतं. महाराज तापट म्हणूनच प्रसिद्ध होते. कुणी पुस्तकी पोपटपंची केली की आवाज चढायचा, हातवारे व्हायचे, प्रसंगी माणसाला जिन्याकडे बोट दाखवलं जायचं. शांती म्हणजे आवाज न चढवणं, असं समजणाऱ्यांची तिथं पंचाईत व्हायची.

या माळ्यावर एक दिवस मॉरिस फ्रीडमन आले. वॉर्सातले पोलिश ज्यू, पेशानं इंजिनिअर, मनानं गांधीवादी. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात राजानं प्रजेला सत्ता देण्याचा जो प्रयोग केला, त्याच्या घटनेच्या कामात या फ्रीडमनचा हात होता. त्यांनी महाराजांची संभाषणं टेप केली, मराठीतून इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनानं आय ॲम दॅट हे पुस्तक काढलं. महाराज तेव्हा ७६ वर्षांचे होते.

पुस्तकानं सगळं बदललं. गिरगावातल्या गल्लीत गोरी माणसं पत्ता विचारत फिरायला लागली. व्हिएतनाम युद्धाला कंटाळलेले, नोकऱ्या सोडलेले, घटस्फोट झालेले, झोप हरवलेले, भारतभर आश्रम धुंडाळून थकलेले. मुल्लरपट्टण, बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर अशी मंडळी दुभाष्याचं काम करायची. प्रश्न इंग्रजीत, उत्तर मराठीत, मग पुन्हा इंग्रजी. आणि बोलता बोलता महाराजांच्या हातात बिडी असायची. तिथं जाऊन आलेल्या अनेकांच्या आठवणींत हे चित्र आहे. छोटा माळा, गर्दी, समोर देवाचे आणि गुरूंचे फोटो आणि बिडीचा धूर.

इथं जरा थांबायला हवं. कारण टपरीवरचा युक्तिवाद नेमका इथूनच सुरू होतो. एवढा शांत झालेला माणूस बिडी ओढत होता, म्हणजे बिडीत काहीतरी असणारच.

आधी बिडी डोक्यात काय करते ते बघू. धूर छातीत गेला की साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. तिथं डोपामिन सुटतं, क्षणभर बरं वाटतं. पण शरीरात त्याच वेळी उलटं चालू असतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. म्हणजे शरीर ताणात आणि मनाला वाटतं सैल झालो. पुढच्या दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि सवय लागलेला मेंदू कुरकुरायला लागतो. चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं. याला आपण टेन्शन म्हणतो. पुढची बिडी पेटवली की हे टेन्शन जातं, म्हणून वाटतं बिडीनं टेन्शन घालवलं. प्रत्यक्षात आधीच्या बिडीनं आणलेलं टेन्शन पुढच्या बिडीनं घालवलेलं असतं. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून कर्ज काढावं, तसा हा प्रकार. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्या लोकांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. सोडल्यावर टेन्शन वाढेल ही भीती पहिले काही दिवस खरी असते, त्यानंतर नाही.

बिडीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. ती लहान असते, पानात गुंडाळलेली असते, कागद नसतो, म्हणून सिगारेटपेक्षा बरी. उलट आहे. तेंदूचं पान कागदासारखं हवा खेळू देत नाही, बिडी सारखी विझायला बघते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, सगळ्या वाटेवर हा धूर घासत जातो.

महाराजांच्या बाबतीत हा हिशोब १९८० च्या सुमारास समोर आला. घशाचा कॅन्सर. वय ८३. आता एका माणसाच्या कॅन्सरचं नेमकं कारण छातीठोकपणे सांगता येत नाही, कुठलाच डॉक्टर सांगणार नाही. पण घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी कारणं म्हणजे तंबाखू आणि दारू, आणि हा माणूस कैक वर्षं धूर घेत आला होता. दोन आणि दोन किती होतात ते सांगायला नको.

ज्या घशातून ते जगाला समजावत होते, तोच घसा बसत गेला. तरी बैठका थांबल्या नाहीत. आधी वेळ कमी झाला, मग वाक्यं आखूड झाली. जीन डन या अमेरिकन शिष्येनं या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली संभाषणं संपादित केली आहेत. त्यात प्रकृतीचे उल्लेख येतात. दुखणं शरीराला आहे आणि आपण शरीर नाही, ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. जवळच्या माणसांनी हे आदरानं नोंदवलं आहे आणि त्यात शंका घेण्याचं कारण नाही. ज्या ताकदीनं त्यांनी दुखणं झेललं, ती ताकद खरी होती.

पण ती ताकद बिडीतून आली नव्हती, हे जुळवून बघितलं की लक्षात येतं. बिडी तर आठ दुकानं होती तेव्हाही होती आणि अस्वस्थताही होती. बदल झाला तो १९३३ नंतर, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी बसणं सुरू झाल्यावर, भजन सुरू झाल्यावर, मोकळेपणानं बोलता येईल असा गुरू आणि गुरुबंधू मिळाल्यावर, धंद्याची हाव सुटल्यावर. अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला आणि नुसती दिनचर्या बघितली तरी आजचे मानसोपचारतज्ज्ञ ताणासाठी जे सुचवतात त्यातलं बरंच काही तिथं सापडतं. ठरावीक वेळापत्रक, रोज थोडा वेळ शांत बसणं, श्वास लांबवणारं गाणं, चार माणसांत मिसळणं, आपल्या आवाक्यातलं काम. हातातली बिडी तेवढी या यादीत बसत नाही. ती सोबत राहिली, पण जिवावर उठलेल्या सोबत्यासारखी.

आणि मनाची शांती कितीही पक्की असली तरी घशातल्या पेशींना ती कळत नाही. ही गोष्ट भक्तांना थोडी कडू लागेल. त्या छोट्या माळ्यावर समोर बसलेले लोकही तोच धूर घेत होते, ही दुसरी कडू गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मरतात आणि त्यात स्वतः कधीच न ओढलेले, फक्त दुसऱ्याच्या धुरात बसलेले लाखो जण असतात.

महाराजांना हे माहीत असायला हवं होतं का, असा प्रश्न येतो. तर त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी बिड्या विकायला सुरुवात केली तेव्हा धूम्रपान आणि कॅन्सरचा संबंध जगात कुणी पक्का सिद्ध केला नव्हता. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा ब्रिटनमधला गाजलेला अभ्यास आला १९५० मध्ये, तेव्हा महाराज ५३ वर्षांचे होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४ चा. भारतात १९७५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं झालं, पण बिडी त्यातून वगळली होती. गरिबाची वस्तू, लाखो विडी कामगारांचा रोजगार, अशी ती सवलत. बिडीच्या बंडलावर इशाऱ्याची सक्ती आणणारा कायदा आला २००३ मध्ये आणि चित्रासह इशारे प्रत्यक्षात दिसायला लागले ३१ मे २००९ पासून. म्हणजे खेतवाडीपासून काही किलोमीटरवर परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून उभं होतं, तिथं घशाचे रुग्ण येत होते आणि गल्लीतल्या दुकानात बिडीचं बंडल मात्र निमूटपणे विकलं जात होतं.

आज परतूरच्या बाजारात बंडल घेणाऱ्याला ती सबब उरलेली नाही. अर्थात महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू, मिश्री, खर्रा, गुटखा असलं काहीतरी तोंडात धरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कितपत आहे हे कुठल्याही एसटी स्टँडची भिंत सांगते. टेन्शनचा युक्तिवाद दोघांचाही सारखाच आणि निकोटिनचा खेळही तोच.

तलफ येते तेव्हा ती जन्मभर टिकणार असं वाटतं, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढी मिनिटं काढायची असतात. घोट घोट पाणी पिणं, उठून चार पावलं चालणं, श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडणं, कुणाला तरी फोन लावणं, एवढ्यावर पहिले दिवस निघतात. अवघड जातात ते पहिले काही दिवस, दोन ते चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बरीच कमी होते. शेवटची बिडी विझवल्यावर २० मिनिटांत नाडी खाली यायला लागते, आणि १० वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे, हाच नंबर बिडीच्या बंडलावरही छापलेला असतो. ताण, झोप न लागणं, जीव नकोसा होणं यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडकत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा तोंडातली जखम भरत नसेल, तर भाव उतरण्याची, सुगी संपण्याची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

१ मे १९८१ रोजी महाराष्ट्रात दोन नवे जिल्हे झाले. परतूर परभणीतून निघून जालना जिल्ह्यात आलं आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं कांदळगाव सिंधुदुर्गात गेलं. कांदळगावचा मारुती तेव्हा खेतवाडीच्या माळ्यावर अंथरुणाला खिळत चालला होता. त्यानंतर चार महिन्यांनी, ८ सप्टेंबर १९८१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी घशाच्या कॅन्सरनं महाराज गेले.